व्हॅनमधलं बाकडं

गुरुवारी दहा ते चार,
आणि ग्विलिमच्या गुडघ्यांनी परवानगी दिली तर शनिवारीसुद्धा,
आम्ही जुनी चौकी उघडतो.
तिकीट नाही. दाराशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
झाकणाला पाडलेली एक फट.
महिनाभरात त्यात जेवढं जमतं
तेवढ्यात वायपरचं एक रबर येतं.

मी पोलीस नव्हते. टायपिस्ट होते,
सव्वीस वर्षं, याच खोलीत, खिडकीकडे पाठ करून.
या दरीतल्या माणसांचे जबाब माझ्या बोटांतून गेले :
हरवलेल्या मेंढ्या, फुटलेल्या काचा,
नवऱ्याने नाही, दाराने मारलं
असं शपथेवर सांगणाऱ्या बायका.
आता माझ्याच टाइपरायटरसमोर पाटी आहे,
हात लावू नये.
कुणी नसलं की मी लावते.

पाच जण आहोत आम्ही. चार, एमलिन गेल्यापासून.
शिट्ट्या, कंदील, हेल्मेटं,
आणि हातकड्यांचा एक जोड, ज्याची किल्ली कुणाकडेच नाही.
हे आम्हाला कळलं
ते एका शाळकरी पोराने त्या घालून पाहिल्यावर.

मागच्या शेडमध्ये गाड्या.
निळी-पांढरी मॉरिस, तिच्यात बसून बायका फोटो काढतात.
काळी वूल्झली, तिची घंटा वाजली
की ग्विलिमची मान अजून आपोआप ताठ होते.
आणि ती व्हॅन.
डोंगरावरच्या एका कुरणात सापडली,
आत कोंबड्या अंडी उबवत बसलेल्या.
नऊ वर्षं खपलो तिच्यावर. गिअरबॉक्स न्यूपोर्टच्या भंगारातून,
मागचं दार एमलिनने घरच्या गॅरेजात ठोकून सरळ केलं,
शेवटचा हात रंगाचा सप्टेंबरात दिला.

ऑक्टोबरात तो आला.
टोपी हातात. खाणीतल्या माणसाचा श्वास,
आत जाताना एकदा अडखळणारा, बाहेर येताना दोनदा.
मागे बसू का, म्हणाला.
ग्विलिम हसला, अहो, सगळ्यांना स्टीअरिंग हवं असतं.
तेव्हाही मागेच बसलो होतो, तो म्हणाला.

बसला. हात बाकड्याखाली घालून
आंधळ्यासारखा चाचपत राहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
इथं होतं, म्हणाला.
संपाच्या वर्षी. अकरा जण होतो या फळीवर.
त्या पहाटे मुलगी झाली होती मला,
बघायला निघालो तर वाटेतच उचलला.
खिळा होता खिशात.
तिचं नाव कोरलं.

शेडच्या पत्र्यावर कावळा चालल्याचा आवाज आला.
ग्विलिमने टोपी काढली, पुन्हा घातली.
मीच घासलं ते, म्हणाला. मशीन लावून.
मला वाटलं, कुणीतरी लाकूड खराब केलंय.

मग त्याने स्क्रूड्रायव्हर पुढे केला, मुठीकडून.
घ्या. कोरा परत.
नको, तो म्हणाला, एवढा छान रंग दिलाय तुम्ही.
जाताना डब्यात नाणं टाकलं,
तळाशी पडल्याचा आवाज ऐकूनच निघाला.

मी त्याला नाव विचारलं नव्हतं. गरज नव्हती.
वरच्या कपाटात, तिसऱ्या गठ्ठ्यात,
कार्बनची पिवळी प्रत.
चौथ्या ओळीत एक्स, एक्स, एक्स, अडीच इंच.
सार्जंट म्हणाला होता, मुलगी झाली त्याचा इथे काय संबंध,
आणि मी खोडलं होतं. स्वच्छ काम होतं माझं.
कागद उलटा करून खिडकीशी धरला.
एक्सच्या मागे, उलट्या अक्षरांत,
नेरिस.

पुढच्या गुरुवारी एक शाळा आली होती, तीस पोरं.
त्यांच्या देखत मी खुर्ची ओढली,
पाटी बाजूला ठेवली,
आणि व्हॅनसाठी नवं कार्ड टाइप केलं.
एन अजून अडकतो. दोनदा मारावा लागला.