पान त्र्याऐंशी

खिडकी लावून घे, मोलेफी. मालुतीवर बर्फ पडलंय,
वारा थेट फळ्यापर्यंत येतो.
ब्लँकेट पांघरूनच बसा सगळे, माझी हरकत नाही.

आज उचलेगिरीवर बोलायचं, असं वेळापत्रक म्हणतं.
ते तुम्हाला येतं.
उसनं वाक्य घेतलं तर कुणाच्या दारातून आणलं ते सांगा,
वाटी परत करताना रिकामी देऊ नका,
एवढं तर तुमच्या आयांनीही शिकवलंय.

मी एक प्रबंध आणलाय.
ग्रंथालयाची प्रत, हिरवी बांधणी, कोपरे झिजलेले.
लेखिकेचं नाव एवढ्यात बघू नका.
पान त्र्याऐंशी. पुलाने, तू वाच, मोठ्यानं.

“मुलाखत क्रमांक चौदा. विधवा, वय अंदाजे साठ.
पती वेल्कोमच्या सोन्याच्या खाणीत. छातीच्या रोगाने मृत्यू.
लेखी संमती घेण्यात आली.”

थांब.
घेण्यात आली.
कुणी घेतली?
कर्मणी प्रयोग फार सोयीचा असतो,
त्यात हात दिसत नाहीत.

हात माझे होते.
चोवीस वर्षांची मी, दोन बस बदलून,
शेवटचे तीन तास भाड्याच्या घोड्यावरून
मोखोत्लोंगच्या वरच्या वस्तीत पोचलेली,
आणि अंधाराच्या आत परतायचं होतं.
अर्ज इंग्रजीत, दोन पानं.
सेसोथोत मी तो दीड मिनिटात उरकला.
तिनं अंगठा पुढे केला, शाई मी लावली.

मग ती बोलली.
नवरा रात्री बसूनच झोपायचा,
आडवं झालं की छातीवर दगड यायचा,
म्हणून तिनं त्याच्या पाठीशी मक्याची पोती रचली होती,
आणि एकेक पोतं खाण्यात संपत गेलं तसा तो मागे कलत गेला.
हे सगळं पान चौऱ्याऐंशीवर आहे. सुरेख आहे.
परीक्षकांनी समासात बरोबरची खूण केलीय.

निघताना तिनं माझ्या घोड्याचा लगाम धरला.
“मग पैसे पेरणीच्या आधी येतील, की नंतर?”

तिला वाटलं होतं, मी भरपाईची बाई.
आणि मी (नीट ऐका, याला नियमपुस्तिकेत कलम नाही)
मी म्हणाले,
“बघू.”

नऊ वर्षांनी परत गेले.
माफी मागायला नाही, खोटं कशाला बोलू,
एका परिषदेसाठी अजून थोडं हवं होतं.
ती होती. मी तिला हेच पान वाचून दाखवलं.
पैशाचा विषय तिनं काढलाच नाही.
विचारलं, “चौदा कोण?”

मी समजावू लागले: गोपनीयता, तुमच्याच भल्यासाठी.
ती गोवरी चुलीत सारत ऐकत राहिली. मग म्हणाली,
“माझा माणूस जमिनीखाली नंबर होता.
पगाराच्या पाकिटावर नंबर, पेटीवर नंबर.
तू एवढी वर चढून आलीस, माझं नाव विचारलंस,
आणि मलाही नंबरच?”

तेफो, हे लिहून घेऊ नकोस. हा नियम नाही.
शेजारच्या दारातली म्हणेल,
माझं नाव छापलंत तर दीर घराबाहेर काढील,
आणि तिचंही खरंच असेल.
विचारावं लागतं. दर दारात, पहिल्यापासून,
आणि उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं,
बस चुकली तरी.

छापलेला प्रबंध बदलता येत नाही,
कुलसचिवांचं तसं पत्र आहे माझ्याकडे.
म्हणून दर हिवाळ्यात, तिनं सांगितलं तसं,
पेन्सिलीनं समासात लिहिते:
माकोपानो रामोहापी.
ग्रंथपाल दर वर्षी खोडतात. त्यांचं चुकत नाही.

कागद तिथे पातळ झालाय,
उजेडात धरला तर पलीकडची ओळ दिसते.

पुलाने,
पान जपून उलट.