काठ

वडगावच्या कल्लाप्पांच्या फोनवर
डिझाइनचं अ‍ॅप उघडेना.
कंपनीच बुडाली म्हणे. आत एकतीस काठ,
मागाला अजून न लागलेले.

बरं झालं, पोरानं फोन रूट करून ठेवलेला.
तेव्हा पाठीत धपाटा बसला होता त्याला.

डेटाच्या आत आणखी एक डेटा.
दारातच विचारणा: सुपरयूजरला परवानगी द्यायची?
"दे की," कल्लाप्पा म्हणाले, "आपलाच माल न्हवं!"
फाइली कार्डावर उतरेपर्यंत
माझ्या काउंटरवर बोटांनी धोटा फेकत राहिले.

सव्वीस आले.
पाच नुसतीच नावं, शून्य केबी.

"ते हितं हाईत," कपाळावर बोट ठेवून म्हणाले.
चार्जरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून दिला.
तिसऱ्या मोरापाशी पेन थांबलं.

"पोराला लाव जरा.
तुझ्या फोनवरनं लाव."