उद्देशाचा रकाना

आनंदवाडीच्या जेटीवर, टोकनच्या खिडकीत मी बसतो.
बाहेर पडणाऱ्या होडीचं नाव लिहितो,
खलाशी किती, बर्फ किती, डिझेल किती,
परत कधी.

त्रिपुरी पौर्णिमा उलटल्यावर एका पहाटे
विशाखा जुवाटकर आली. पतपेढीतली कॅशियर, वय एक्केचाळीस.
म्हणाली, लिहा:
होडी एक, माणूस एक,
जाळं नाही, इंजिन नाही,
वल्ही चार, त्यातली दोन जादा.
कुठे?
मस्कत.
उद्देश?
ती बराच वेळ माझ्या पेनाच्या टोकाकडे बघत राहिली.
मग म्हणाली, राहू दे तो रिकामा.

मी राहू दिला.
तीच माझी चूक, असं आता देवगड म्हणतं.

पिंट्या तारीच्या मोबाइलच्या दुकानात
ती एक लाल ठिपका झाली.
लोक चार्जर घ्यायला येत, ठिपका बघून जात.
"तिका काय कमी होतां?"
"घोव नाय, पोर नाय, मगे दर्याच आठवतलो."
पतपेढीचे चेअरमन म्हणाले,
जाताना कॅश मात्र पैशापैशाला जुळवून गेली.
हे सांगताना ते जरा नाराज दिसले.

निवृत्त हेडमास्तर खवणेकरांनी
वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला:
तटरक्षकांचं एक जहाज, तासाला इतकं डिझेल,
शोधायला लागले समजा पाच दिवस.
कोणाच्या खिशातून?
आणि चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी नकळत खिसा चाचपला.

शाळेत म्हणे मधल्या सुट्टीत
पोरं बाकं उलटी करून फुटपट्ट्यांनी वल्हवतात.
बाईंनी दोन दिवस फुटपट्ट्या जप्त केल्या.

लिलावाच्या गर्दीत एकदा हाच विषय चालला होता.
रुक्साना सोलकर बांगडे निवडत होती, मान वर न करता म्हणाली,
"माझो घोव बावीस वर्सां जाता.
त्याका कोणी विचारूक नाय, कित्याक जातंस."
"तो पोटासाठी जाता गो."
"काल डिझेलचे पैशे सुटाक नाय. आज परत गेलो.
ह्यां पोटासाठी?"
कोणी बोललं नाही.
पुढचा ढीग लिलावाला आला.

अकराव्या दिवशी ठिपका हलायचा थांबला.
बाराव्या दिवशी दिसेना.

पिंट्या मोबाइल बंद करून चालू करी,
बॅटरी काढून पुसून परत घाली,
जणू ती आतच कुठे अडकली होती.
वारा फिरला होता, पवनचक्क्या उलट्या तोंडाने उभ्या.
संध्याकाळी किल्ल्याच्या बुरुजावर
सहज आल्यासारखी चाळीसेक माणसं होती,
आणि सहज कोणीच घरी जात नव्हतं.
"मी आधीच म्हटलेलां," असं एक जण म्हणाला
आणि सर्वांत शेवटी उतरला.

खवणेकर मास्तर माझ्या खिडकीशी आले.
"जहाज धाडतत की नाय?
तुमी फोन तरी केलात?
माणूस आसा तां, का हिशेब?"
हातातलं वर्तमानपत्र त्यांनी आणखी बारीक घडी केलं.

चौदाव्या दिवशी एका तेलवाहू जहाजाकडून निरोप आला.
बाई दिसली, ठीक आहे, यंत्राची बॅटरी भिजली होती.
मदत हवी का विचारलं, नको म्हणाली.
लिंबं असतील तर चार द्या म्हणाली.

अर्धा दिवस गाव हसत होतं.
मग "लिंबां नेऊक कळाक नाय, आणि मस्कताक चल्ली,"
असं सुरू झालं, आणि मला बरं वाटलं.

काल तपासणीला साहेब आले.
रकाना रिकामा चालत नाही, भरून टाका म्हणाले.
मी वर पाहिलं. त्या पानावर वरपर्यंत
मासेमारी लिहिलेलं, खाली नुसत्या दोन-दोन रेघा,
सोळा होड्या, सोळा वेळा तेच.
तिच्या ओळीतही मी दोन रेघा ओढल्या.

साहेबांनी न बघता सही केली.
बाहेर रुक्सानाचा नवरा बर्फ चढवत होता.
"बावीस लादी," त्याने ओरडून सांगितलं,
मी लिहून घेतलं,
आणि पुढचं विचारलं नाही.