कोश, अपुरा

पानाला बारा रुपये. मोडीचं बाळबोध करून द्यायचं.
कंपूत, ऊन चढायच्या आत,
मी हैबतराव काळभोरांचं दप्तर सोडतो.
पणतवंडांना लढाया हव्यात,
चौकातल्या पाटीवर मावतील एवढ्या.

लढाया सापडतात त्या अशा:
हरभरा नऊ मण. नाल चारशे.
तट्टू एक, लंगडं, परत.
मेणकापड मागितलं, मिळालं नाही.

मग तलवार खुंटीला लावून
ते कौन्सिलात बसले, सोळा वर्षं.
जकात. नाले. कोणाच्या हत्तीने
कोणाच्या हत्तीला आधी वाट द्यायची.
ठरावांखाली त्यांची सही सगळ्यांत लहान
आणि समासात, बोलणं लांबलं की,
शब्द.
एकाखाली एक, हजेरीला उभे केल्यासारखे.

कोश तिथूनच सुरू झालेला दिसतो.
फौजेतले शब्द; सांगणारे मोतद्दार, भिस्ती,
तोफखान्यातला एक आंधळा गोलंदाज.
प्रत्येकाचं नाव, गाव, काय दिलं तेही:
रम्मू भिस्ती, मुरार. गूळ पावशेर.

कंपू: परका शब्द. आला, तंबू ठोकला, गेला नाही.
पगार: थकतो तो.
पराक्रम: पाहा, पगार.

मी एकटाच हसलो.
पणतसून चहा ठेवून गेली,
पंखा चालवून देऊ का, म्हणाली.
नको म्हटलं, पानं उडतात.

माघार: पाहा, पाणी.

मागे गेलो. पाणी, दीड पान.
मोडीत लेखणी तशी उचलत नाहीतच,
पण इथे शाई संपत आलीय
आणि हात थांबलेला नाही.
ज्येष्ठ. सिंधेच्या अलीकडे. विहीर एक, तीही आटलेली.
थांबलो असतो तर रात्री ढग आले होते.
मागे शत्रू नव्हता.
आहे असं मीच वर कळवलं होतं.
पुढे नावं, सत्तावीस, घोड्यांचीही धरून.
गोविंदा भोई. लाल खाँ. हिरणी, अबलख घोडी.
अर्थ म्हणून जी जागा सोडलीय
ती तशीच.

संध्याकाळी वाचून दाखवलं.
थोरले पणतू बराच वेळ
चष्म्याची दांडी उघडत मिटत राहिले.
मग म्हणाले, ह्यात तारीख कुठे आहे?
पाटीला तारीख लागते.

रोजच्या इतकीच पानं उरकतो आहे.
भाता, मोर्चा, रतीब, रसद.
ल-पाशी अक्षर म्हातारं होतं,
मात्रा ओळीखाली घसरतात.

लश्कर: पाहा,

आणि पाहायचं कुठे, ते लिहिलेलं नाही.
पुढच्या पानावर नुसत्या ओळी,
डावीकडून उजवीकडे आखून ठेवलेल्या,
अक्षर एकही टांगलेलं नाही.

बिलात मी ते पानही धरलं.