सोमवारची डोकेदुखी

आईची मावशी, एफी मॅक्रिंडल,
आयरशरच्या किनाऱ्यावर, वाळूच्या टेकड्यांमागे
सुरुंगाच्या कांड्या वळायची.
फाटकावर झडती: आकडे, पिना, काडेपेटी.
केसांना फक्त लोकरीचा दोरा.
सोमवारी सगळ्याजणींचं डोकं ठणकायचं,
बुधवारपर्यंत अंगवळणी पडायचं,
रविवारच्या सुट्टीत शरीर पुन्हा सगळं विसरायचं.
म्हणून शनिवारी निघताना ती
चिमूटभर माल टोपीच्या पट्टीत खोचायची
आणि तशीच चर्चला जायची.
प्रार्थनेला मान झुकवायची
हळूच. फार हळूच.

ऐकून मी हसले होते.
तेव्हा कुठं ठाऊक होतं,
तिच्या ठणक्याचा आणि माझ्या पगाराचा
धनी एकच:
एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन,
आणि जोडीदाराविना एक इलेक्ट्रॉन.

मोटारीच्या धुरात असतो तो.
आपल्या धमन्यांच्या अस्तरातही तोच,
रक्ताला म्हणतो, ये, जागा आहे,
आणि एवढं म्हणेस्तोवर विझतो.
अशाला औषध म्हणून धाडायचं कसं?
निरोप्या उंबऱ्यावरच मरतो.

म्हणून ग्लासगोत, तिसऱ्या मजल्यावर,
मी त्याच्यासाठी वाळूचीच घरं बांधते.
सिलिकाचे कण, केसाच्या जाडीत शेकडो मावतील असे,
अंगभर भोकं.
आत गंधकाच्या कडीला त्याला अडकवते.
अंधारात, थंडीत ठेवलं तर गुलाबी राहतो.
रंग उडाला की समजायचं, गेला.
फेब्रुवारीत फ्रीजचं दार कुणीतरी उघडं टाकलं,
तीन आठवडे पांढरे पडले.
कुणी, ते मी शोधलं नाही.
मीच असेन.

ड्युगल्ड टॉरन्स, चाचणीतला सोळावा.
गोदीत वेल्डर होता. साखरेनं पावलं बधिर केलीत,
टाचेवर नाण्याएवढी जखम, चौदा महिन्यांची.
"या पट्टीत गॅस आहे म्हणता?"
असेल. नसेलही. पाकिटं बंद आहेत,
त्यालाही माहीत नाही, मलाही नाही.
"पोरी, जन्मभर गॅसच्या नळीशेजारी बसलो.
नळी गळली की आम्ही पळायचो."
ही गळायलाच हवी, मी म्हटलं.
थेंबाथेंबानं, जखमेच्या ओलीनं, आठवडाभर.
तो पायाकडे बघत राहिला,
दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

सहा आठवड्यांत जखम चार मिलिमीटर आत सरकली.
पट्टीनं, की बायकोनं त्याला खुर्चीतून उठू दिलं नाही म्हणून,
कोण जाणे.

आज सकाळी त्याचा फोन:
टाच ठणकतेय.
परिचारिका म्हणाली, लगेच बोलवा,
ठणका म्हणजे पू असू शकतो.
खरं आहे. असू शकतो.
मी टॅक्सी पाठवली,
वहीत त्याच्या क्रमांकापुढे वेळ लिहिली, नऊ वीस,
आणि वार लिहिताना
पेन जरा थांबलं.