कंबर बघून सांगतो

सोहारला फेब्रुवारीत अर्धा तास पाऊस पडला
आणि सकाळी ऑफिसात सतरा फोन.
पंखवाले आलेत, वाळवी आहे, लवकर या.

उम्म हिलालनं खजुराच्या रिकाम्या डब्यात
वीसेक धरून ठेवले होते,
झाकणाला सुईनं भोकं पाडून.
मारायचेच आहेत तर भोकं कशाला,
शिजू पुटपुटला, फवाऱ्याची नळी सोडवत.

मी भिंग लावलं.
मिशा कोपरात मोडलेल्या,
कुणी फोन कानाला लावून उभं असावं तशा.
कंबर दोऱ्यानं आवळलेली.
पुढचे पंख लांब, मागचे आखूड.
नम्ल, मी म्हणालो. मुंगी.

वाळवीला कंबर नसते, मावशी.
मानेपासून शेपटीपर्यंत एकच नळी.
मिशा सरळ, बारीक मण्यांच्या,
चारी पंख एका मापाचे, अंगाहून कितीतरी लांब,
भाड्याचा सूट असावा तसे.
जमिनीला टेकली की उतरवून मोकळी.

एवढी अरबी मला कुठली.
मी हातांनी कंबर दाखवली, माझीच,
जी आता दाखवण्यासारखी उरलेली नाही.
ती तोंडावर पदर धरून हसली.
कॉफी दिली. खिडकीच्या कट्ट्यावर
फॉर्म टेकवून मी खूण केली : मुंगी.
तिचे तीस रियाल वाचले.

रात्री कॅम्पात फॉर्मची घडी उलगडली
तर एक पंख मांडीवर पडला.
धुरकट, लांब.
कट्ट्यावरून आला असणार.
तिथं होतं काहीतरी, कोपऱ्यात, ढीगभर.
मी धूळ समजलो.

एकट्या पंखावरून काही सांगता येत नाही.
जोडीचा शेजारी ठेवावा लागतो.

मरणकाळी मुंगीला पंख फुटतात,
दापोली सोडताना चुलता मला ऐकवून बोलला होता.
वाळवीवर अशी म्हण नाही.
तिचे पंख गळतात
आणि मग तिचा संसार सुरू होतो.

साडेसहाला शिजूला हलवलं.
आज जुम्मा, परकार. पेट्रोल कुणाचं?
माझं.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं
चौकट वाजवत खाली आलो.
वर भरीव. मधेही भरीव.
उंबऱ्यापाशी
पापडाचा आवाज.

उम्म हिलाल थर्मास घेऊन मागं उभी.
कोणती?
मी दोन बोटं वर केली.