फ्लॅट नंबर नऊ

ग्रीनॉकच्या टॉवरमध्ये, वॉशिंग मशिनांच्या खोलीत
दर बुधवारी आम्ही गायचो.
नावावरून महिनाभर जुंपली.
फर्गस म्हणे, ‘करकरीत नोटा’ ठेवू,
खिशात नाहीत, गळ्यात तरी असू देत.
बोगदानला विनोद कळला दोन दिवसांनी,
जिन्यात एकटाच हसत होता.

शेवटी मोरॅगनं
स्वतःच्या दारावरची पाटीच उचकटून आणली:
‘फ्लॅट नंबर नऊ’.
आम्ही नऊ जण. फ्लॅट लागायची ती एकटीच,
अर्धी पायरी उतरून, कायम.
‘मग पत्ता बरोबरच आहे की,’ म्हणाली.

मार्चपासून तिचा फ्लॅट खाली आहे.
सूर कुणाचाच नाही.

फर्गस मधूनच मुद्दाम घसरून बघतो.
जमत नाही त्याला.